जर-तरचा पेपर

माझा भाऊ मठ्ठ नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच काही म्हणणार आहे. अठ्ठावीस दातांची कवळी तो नुसत्या नजरेच्या अंदाजाने ओळीत बसवतो. चार डेंटिस्ट त्याच्याकडे कामं पाठवतात आणि चौघंही म्हणतात की याच्या हातचं काम परत येत नाही. अडतीस वर्षांचा घोडा झालाय, पण घरात सगळ्यांत धाकटा म्हणून अजून बारक्याच. तर असा हा बारक्या स्पॅनिशच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. दोन्ही वेळा एकाच प्रश्नाला. आणि त्याला शिकवणारी कोण? मी. त्याची सख्खी मोठी बहीण, एकोणीस वर्षं स्पॅनिश शिकवून केस पिकवलेली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चष्म्याच्या दुकानावर माझ्या वर्गाच्या दोन खोल्या आहेत. तिथे केक करणारी बाई येते, हॉटेलच्या काउंटरवरच्या दोन मुली येतात, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा येतात, ज्यांना घरी कुणी बोलू देत नाही म्हणून ते परक्या भाषेत बोलतात. हे सगळे जर-तरचं रूप एका दुपारी शिकतात. एका! आजोबा तर पाठ करून चहाच्या वेळेपर्यंत मोकळे झाले होते. आणि माझा भाऊ, माझ्या रक्ताचा, सहा महिने तिथेच बसून.

त्यात अवघड असं काही असतं तर मी गप्प बसले असते. स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी आहेत: आरवाली, एरवाली, इरवाली. वर्तमानकाळात तिघांचे चोचले वेगळे, भूतकाळात तर विचारूच नका. पण जर-तरमध्ये तिघंही शहाण्या मुलांसारखी एका रांगेत उभी राहतात. अख्खं क्रियापद घ्यायचं, काही तोडायचं नाही आणि मागे शेपटी लावायची. इया, इयास, इया, इयामोस, इयाइस, इयान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. संपलं! आब्लार म्हणजे बोलणं. आब्लारिया, मी बोलेन. म्हणजे वेळ आली तर, कुणी विचारलं तर. कोमेर म्हणजे खाणं, कोमेरिया. बिबीर म्हणजे राहणं, बिबिरिया. ज्या भाषेत आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं असं आपण उठता-बसता म्हणतो, त्या भाषेच्या माणसाला यात अडायला काय झालं?

आणि अडून चालणार नव्हतं. बारक्याची बायको नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिला तिकडे, समुद्रापलीकडे, म्हाताऱ्यांच्या एका सेवागृहात नोकरी लागली. आठ महिन्यांनी ती छकुलीलाही घेऊन गेली. छकुली म्हणजे माझी भाची, तेव्हा अडीच वर्षांची होती. बारक्याने मागाहून जायचं असं ठरलेलं. तिकडच्या एका दातांच्या लॅबवाल्याने त्याचं काम पाहून त्याला घ्यायचं कबूल केलं, पण भाषेच्या परीक्षेचा दाखला हवा. लॅबवाल्याने दोनदा वाट पाहिली. आता त्याने कळवलं होतं, या महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरा माणूस घेणार. महिनाअखेरच्या आधीची परीक्षा एकच, येत्या शनिवारची. ती गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की तिकडे राहायचा परवाना गेला. भावजयीचा करार अजून तीन वर्षांचा. म्हणजे छकुली सात वर्षांची होणार आणि तिचा बाप फोनमध्ये राहणारा माणूस. परवा ती फोनच्या पडद्याला बिस्कीट भरवत होती. बारक्याने आ केला, मग उठून मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ घासायचं मशीन चालू ठेवलं. मशीनखाली काहीच नव्हतं. मी पाहिलं ना.

पहिल्यांदा तो का अडला ते मला पाच आठवड्यांनी कळलं. सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल माझ्या नशिबी काय आलंय ते.

"आब्लार घे," मी म्हटलं. "आता 'मी बोलेन'."

"आब्लिया."

"आर कुठे गेला?"

"घासला."

"घासला? कशाला?"

"ताई, कॅप बसवायची तर आधी दात घासून बारीक करावाच लागतो," तो मलाच समजावायला लागला. "न घासता बसवली की कॅप वर येते. माणसाला तोंड मिटता येत नाही."

"अरे मेल्या, हे क्रियापद आहे, दाढ नाही!"

"वर्तमानकाळात तूच तर घासायला लावलंस."

"तिथे घासायचं. इथे नाही घासायचं. अख्ख्या दातावर कॅप."

"असं काम कुणी पाठवलं तर मी परत करतो," तो म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

पाच आठवडे! पालथ्या घड्यावर पाणी. मी फळ्यावर लिहायची, तो मान डोलवायचा आणि वहीत परत 'आर' उडवलेला. शेवटी एके दिवशी माझं डोकं फिरलं, मी त्याच्या टेबलावरची एक जुनी कवळी उचलली आणि म्हटलं, "हे बघ. पेशंटचा अजून एक दात पडला. तू नवी कवळी करतोस का? नाही. आहे त्याच कवळीला शेवटी एक दात जोडून देतोस. इथे तसंच आहे."

"मग तसं सांग की," बारक्या म्हणाला. "जोडकाम आहे. मला वाटलं कॅपचं काम आहे."

त्या दिवसापासून त्याने एकदाही आर, एर, इर घासला नाही. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! रूपं तोंडी विचारली की येत होती, तुटक, पण येत होती. वाक्यं लिहायला बसवलं की गाडी बंद. पान कोरं. मी वर मराठी वाक्य लिहून द्यायची, खाली स्पॅनिशसाठी ओळ सोडायची, आणि ती ओळ तशीच. पहिल्या परीक्षेत तो जर-तरचा निबंध पूर्ण कोरा सोडून आला. चार मार्कांनी गेला. दुसऱ्या परीक्षेतही कोरा. तीन मार्कांनी गेला. अरे, चुकीचं का होईना, लिही! चुकलं तर अर्धा मार्क तरी पडतो, कोऱ्या कागदाला कोण ओवाळणार?

"सुचलं नाही," तो म्हणायचा.

"सहा महिने तुझ्यापुढे डोकं फोडतेय आणि सुचलं नाही?"

"नाही सुचलं, ताई."

मग मी ओरडायची, तो ऐकून घ्यायचा. त्याचं ऐकून घेणंच मला सहन होत नाही. उलट बोलला तर निदान भांडण तरी होईल. तो उठायचा, हात धुवायचा आणि आत अण्णांकडे जायचा.

अण्णा म्हणजे आमचे वडील. सहा वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून ते आतल्या खोलीत कॉटवर. चार-पाच शब्द येतात: पाणी, नको, हा, ही, जा, एवढंच. ऐकू मात्र स्वच्छ येतं. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं बारक्या करतो. त्यासाठी तर त्याने बाहेरची नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत लॅब थाटली. मी सकाळ-संध्याकाळ वर्गावर. माझं लग्न झालं नाही; त्यावर कुणी गळा काढायचं कारण नाही, मला माझं बरं चाललंय. आणि मला अण्णांना उचलता येत नाही, पाठीचा त्रास आहे. हे सगळं सांगतेय ते आमची व्यवस्था कळावी म्हणून. जर-तरच्या शिकवणीशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझी शिकवण्याची एक पद्धत आहे. तिच्यावरच माझा वर्ग चालतो. पुस्तकातली वाक्यं मी देत नाही. 'पेद्रो बागेत सफरचंद खाईल.' खाऊ दे की, आपलं काय गेलं? ज्याच्या त्याच्या घरातलं वाक्य द्यायचं. केकवालीला ओव्हनचं, आजोबांना सुनेचं. आजोबांनी सुनेवर जी वाक्यं लिहिली ती मी इथे सांगू शकत नाही, पण व्याकरण अचूक होतं. माणसाच्या जिवाशी असलेलं वाक्य तो विसरत नाही. बारक्यालाही मी तेच दिलं. वर्गाला निघता निघता, केस विंचरता विंचरता, सुचतील तशी पाच-सहा वाक्यं वहीत खरडायची, मोठ्याने मराठीत वाचून दाखवायची आणि निघायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर ओळी कोऱ्या.

आता गुरुवारचं. शनिवारी परीक्षा. हॉटेलच्या दोन्ही मुलींनी दांडी मारली म्हणून मी दुपारीच घरी आले. दारातच मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. बारक्या फोनवर होता, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेला फोन टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर भावजय, नर्सच्या कपड्यातच, ड्युटी संपवून आलेली. आणि बारक्या स्पॅनिश बोलत होता.

नुसता बोलत नव्हता, घडाघडा बोलत होता. छकुलीला शाळेत मी सोडेन. तिचं दप्तर मी उचलेन. तू उशिरापर्यंत झोपशील. आपण समुद्राजवळ राहू. सुट्टीच्या दिवशी मासे बघायला जाऊ. राहू, बिबिरियामोस. जाऊ, इरियामोस. इयासुद्धा, इयामोससुद्धा, एकही आर न घासता, मध्ये कुठे न अडखळता, वर हसत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने! सहा महिने घसा कोरडा केला, वर्गात लोक विचारतात भावाचं काय झालं, मी खोटं सांगते की तब्येत बरी नव्हती, आणि हा इथे बायकोसमोर पोपटासारखा बोलतोय!

"वा!" मी दारातून ओरडले. "वा, वा! माझ्यासमोर वाचा बसते आणि इथे धबधबा!"

बारक्या असा दचकला की एक जबडा खाली पडून फुटला. पण भावजय कच्च्या गुरूची चेली नाही. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर रोज ओरडून बोलायची सवय आहे तिला.

"ताई, ओरडू नका," ती म्हणाली, ओरडूनच. "तो माझ्याशी चार महिने असाच बोलतोय. मीही चक्रावलेय. नापास कसा होतो ते मला विचारायचंच होतं. तुम्ही त्याला वाक्यं कसली देता?"

"कसली म्हणजे? घरातली देते. माझी पद्धत आहे."

"वाचून दाखवा बरं."

"राहू दे गं," बारक्या म्हणाला. "ताई, राहू दे."

"का राहू दे? होऊन जाऊ दे!" मी म्हटलं. मला तर तेच हवं होतं. मी वही ओढली, चष्मा लावला आणि वर्गात वाचते तसं खणखणीत वाचायला लागले.

"मी गेलो तर अण्णांना कोण उचलेल? उचलणं, लेबांतार, आरवालं, सोपं. अण्णा मला हाका मारतील. यामार, तेही आरवालं. ताई एकटी राहील. बिबीर. ताई संध्याकाळचा वर्ग बंद करेल." पान उलटलं. "अण्णा जेवणार नाहीत. कोमेर. आम्ही हे घर विकू. बेंदेर, एरवालं."

मी पुढे वाचत गेले, पण आवाज कुठेतरी खाली बसायला लागला होता. "अण्णा दाराकडे बघत राहतील. ताई रात्रीची..." ते मी सोडलं. पुढचं पान. अक्षर माझंच, केस विंचरता विंचरता काढलेलं, तिरकं. "लोक बोलतील, आजारी बापाला टाकून गेला."

वाचून झालं आणि मी वही हातात धरून उभी. लोक बोलतील. हे मी लिहिलं होतं? तारीख पाहिली. पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशीची.

"उदाहरणं आहेत ती," मी म्हटलं.

"ताई," भावजय म्हणाली, आता न ओरडता, "उदाहरणं शेजाऱ्यांच्या घरातली घेता आली असती."

मी बारक्याकडे वळले. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. "एवढं मनात होतं तर तोंड कुठे गेलं होतं तुझं? सांगता नाही आलं? ताई, वाक्यं बदल, एवढं बोलायला काय धाड भरली होती?"

"तू मास्तरीण," तो खाली बघून म्हणाला. फुटलेल्या जबड्याचे तुकडे गोळा करत होता. "मला वाटलं, तुला हेच सांगायचंय. तोंडाने सांगवत नाही म्हणून वहीत लिहितेयस."

"मूर्खा!"

"आणि पेपरात तेच आलं, ताई. दोन्ही वेळा. तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात तर घरात काय काय बदलेल, दहा ओळी लिहा. दहा काय, मला वीस येत होत्या. तू दिलेली सगळी वाक्यं ओळीने आठवली. सगळ्यांची रूपं येत होती. पण लिहिलं असतं तर..." तो थांबला. "माझ्या हाताने लिहून देणं झालं असतं ना ते. हात उचलेना."

आता मी काय करायला हवं होतं? दुसरी एखादी बहीण असती तर तिने भावाला जवळ घेतलं असतं. मी त्याला म्हटलं, "गाढवा, परीक्षेत कुणी खरं लिहितं का?" आणि मग तिथल्या स्टुलावर बसले, प्लॅस्टरच्या भुकटीतच, नवीन कपडे होते तरी. कारण आतून मला माहीत होतं. मास्तरीण आहे मी, मला वाक्य कळतं. केस विंचरता विंचरता मनात जे असतं तेच हातून उतरतं. मला तो जायला नको होता. भावजयीला पाठवताना मीच सगळ्यांत मोठ्याने 'जा, जा' म्हणत होते, लॅबवाल्याला पत्र मीच लिहून दिलं, परीक्षेचा अर्ज मीच भरला, आणि रोज सकाळी त्याच्या वहीत त्याला बांधून घालायची दोरी पण मीच वळत होते. वळत होते आणि वर त्यालाच शिव्या घालत होते की तू चालत का नाहीस.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे. "अण्णा रात्री पडले तर मी काय करू? मी एकटी काय करू रे?"

भावजय पडद्यातून नीट माझ्याकडे बघत होती. "त्याचा विचार आपण तिघं मिळून करू," ती म्हणाली. "माणूस ठेवता येतो. मी इथे तेच काम करते, कसा माणूस ठेवायचा ते मला विचारा. पण हे त्याच्याकडून जर-तरमध्ये कशाला लिहून घेताय? सरळ बोला ना."

तेवढ्यात आतून धप् असा आवाज झाला. अण्णांनी चांगला हात कॉटच्या दांडीवर आपटला होता. मी आत गेले. दार सताड उघडं होतं. ते नेहमीच उघडं असतं, त्यांची हाक ऐकू यावी म्हणून. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सहा महिने रोज सकाळी मी बाहेर उभी राहून मोठ्याने, खणखणीत, मराठीत वाचत होते. अण्णांना कोण उचलेल. अण्णा जेवणार नाहीत. आजारी बापाला टाकून गेला. दहा पावलांवर ते कॉटवर पडून ऐकत होते.

"पाणी हवंय, अण्णा?"

"नको."

"उठवून बसवू? बारक्याला बोलावू?"

"नको," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी मी दोन्ही वर्ग बुडवले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बारक्याला समोर बसवलं आणि कपाटातून ते मेलेलं पुस्तक काढलं. तुला हत्ती मिळाला तर काय करशील? तू राजा असतास तर काय खाल्लं असतंस? बारक्याने हत्ती विकला, राजा होऊन दिवसभर झोपला, सगळं अचूक. मग मी पेपरातला तोच प्रश्न घातला. त्याने पेन खाली ठेवलं.

"लिही," मी म्हटलं. "खरं लिही. ताई माणूस ठेवेल. ताई कुरकुर करेल. ताई रोज फोन करून तुझं डोकं खाईल. लिही! मी मुकाट्यानं तुला सोडेन असं लिहू नकोस, ते खोटं होईल."

त्याने लिहिलं. सात ओळी झाल्यावर तो थांबला. "अण्णांचं काय लिहू?" त्याने विचारलं. म्हटलं, तीन ओळी कमी पडू देत, पास होशील.

तो पास झाला, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. सव्वीस मार्क जादा. लॅबवाल्याला दाखला महिनाअखेरच्या दोन दिवस आधी पोचला. पण मला सांगायचंय ते शनिवारी सकाळचं.

अण्णांची दाढी बारक्या करतो, एक दिवसाआड. परीक्षेला निघायच्या आधी उरकून टाकू म्हणून तो वाटीत कोमट पाणी, साबण, रेझर घेऊन आत गेला. अण्णांनी तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली. तो दुसऱ्या बाजूने गेला, तर त्यांनी मान इकडे फिरवली.

"अण्णा, उशीर होतोय हो मला," बारक्या काकुळतीला आला. "परीक्षा आहे. असं काय करता लहान मुलासारखं?"

मी दारात उभी होते. अण्णांनी चांगला हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही," ते म्हणाले.

"मी?" मला हसूच आलं. "अण्णा, मला नाही येत. मी जन्मात कधी कुणाची दाढी केली नाही. कापेल."

"ही."

म्हातारा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचं ऐकत नाही. मी पदर खोचला आणि बारक्याच्या हातून रेझर घेतला. साबण लावला तो अर्धा नाकात. पहिलाच हात फिरवला आणि हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. बारक्याला राहवेना. तो वाटी धरून मागे उभा, "ताई, कातडी ताणून धर. उलटं नको फिरवू. उजवा गाल त्यांना कळत नाही, तिथे..."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. सबंध चेहऱ्याला फेस, त्यातून दोन डोळे. चांगला हात उचलून त्यांनी दाराकडे झटकला.

"जा."

बारक्या जागचा हलला नाही.

"जा," अण्णा म्हणाले, आणि बहुतेक गेल्या सहा वर्षांत त्यांनी एवढ्या मोठ्याने काही म्हटलं नसेल. "जा. जा. जा."

बारक्याने वाटी माझ्याजवळ ठेवली. वाकून अण्णांच्या पायाला हात लावला, जाणीव असलेल्या पायाला, आणि गेला. बाहेरचं दार लागल्याचं ऐकू आलं. मग जिन्यावरची पावलं, भराभर, मग तीही थांबली.

मी परत रेझर पाण्यात बुडवला आणि गळ्याखालची जागा धरली. कातडी ताणली, त्याने सांगितलं तशी. तेव्हा माझ्या बोटांना कळलं की अण्णांचा गळा हलतोय. बघते तर डोळ्यांतलं पाणी फेसातून वाट काढत कानापर्यंत आलेलं.

"रडू नका अण्णा," मी खेकसले. "रेझर हलतोय ना!"

अण्णा तर आता अगदी स्थिर पडले होते. हलत होता तो माझा हात.